देशातच राहिलेला दिग्दर्शक : यिर्झी मेंझेल

या मालिकेत आपण मध्य युरोपातल्या देशांचा विसाव्या शतकातला इतिहास एकेका माणसाच्या आयुष्यातून समजून घेतो आहोत. आजचा माणूस सिनेदिग्दर्शक आहे. नाव यिर्झी मेंझेल. आपल्याकडे काही जण ते जिरी मेंझेल असंही लिहितात. चेक भाषेतला तो उच्चार आपल्या जिभेला जरा अवघडच आहे, तेव्हा आज आपण नुसतं 'मेंझेल' म्हणू.

जे गोव्याच्या इफ्फीला नेमानं जातात त्यांना कदाचित आठवत असेल. नोव्हेंबर २०१३ मध्ये भरलेल्या ४४व्या इफ्फीत मेंझेल यांना जीवनगौरव पुरस्कार दिला गेला. त्या वर्षी महोत्सवाची सुरुवातही त्यांच्याच 'द डॉन जुआन्स' या चित्रपटानं झाली. तेव्हा ते ७५ वर्षांचे होते. अशा वेळी कारकिर्दीचा जो आढावा घेतला जातो, त्यात दोन मोठी नावं हमखास येतात : १९६८ चं ऑस्कर आणि १९९० चं बर्लिनचं गोल्डन बेअर. ऐकणाऱ्याला वाटतं, वा, कशी चढती कमान आहे! पण एक गोष्ट अशा आढाव्यात सहज निसटते. १९९० मध्ये ज्याला बक्षीस मिळालं तो चित्रपट १९६९ मध्येच तयार झाला होता. मधली वीसेक वर्षं तो डब्यात बंद होता. आणि ज्या सरकारनं तो बंद केला, त्याच सरकारच्या स्टुडिओत मेंझेल मधल्या काळात चित्रपट करत होते.

आजचा आपला प्रश्न यातूनच निघतो. देश सोडून गेलेल्या कलावंताची गोष्ट सांगायला सोपी असते. तुरुंगात गेलेल्याचीही सोपी असते. पण जो राहिला, थोडा वाकला आणि काम करत राहिला, त्याचा हिशेब इतिहासानं कसा मांडायचा? हे व्याख्यान तयार करताना आमच्यात यावर बरेच वाद झाले. ते सगळे मिटले असं म्हणणार नाही. पण मेंझेल यांचे चित्रपट नीट पाहिले तर हा प्रश्न त्यांना स्वतःलाच पडला होता असं दिसतं, आणि आज आम्हाला तेच दाखवायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी घेऊ. मेंझेल यांचा जन्म २३ फेब्रुवारी १९३८ चा, प्रागमधला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये म्युनिक करार झाला आणि चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देऊन टाकला गेला. मूल एक वर्षाचं झालं तेव्हा, मार्च १९३९ मध्ये, जर्मन सैन्य प्रागमध्ये होतं. मूल दहा वर्षांचं झालं तेव्हा, फेब्रुवारी १९४८ मध्ये, कम्युनिस्ट पक्षानं सगळी सत्ता हातात घेतली. तिसाव्या वर्षी सोव्हिएत रणगाडे आले. एका माणसाच्या पहिल्या तीस वर्षांत इतकं सगळं!

आता सिनेमाच्या बाजूनं बघू. प्रागच्या टेकडीवर बारांडोव्ह नावाचा मोठा स्टुडिओ आहे. तो १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मिलोश हावेल यांनी उभा केला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले नाटककार वाक्लाव हावेल यांचे हे काका. ऑगस्ट १९४५ मध्ये, म्हणजे कम्युनिस्ट येण्याच्याही आधी, सगळा चित्रपट उद्योग सरकारी मालकीचा झाला. पुढच्याच वर्षी फामू ही चित्रपटशिक्षण संस्था निघाली. ही व्यवस्था लक्षात ठेवली पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. निर्माता सरकार, स्टुडिओ सरकारचा, वितरण सरकारचं आणि सेन्सॉरही सरकारच. म्हणजे पैसा ज्या खिशातून येणार, परवानगीही त्याच खिशातून. याचा एक फायदा होता. तिकीटबारीची चिंता न करता तरुण मुलांना प्रयोग करता येत. तोटा काय होता, तो १९६९ नंतर कळला.

मेंझेल यांचे वडील योसेफ मेंझेल पत्रकार होते, मुलांसाठी लिहीत आणि भाषांतरंही करत. मुलाला खरं तर नाटकात जायचं होतं. नाट्यविद्यालयानं घेतलं नाही, म्हणून तो फामूत आला. तिथे ओताकार वाव्रा यांच्या वर्गात त्याच्याबरोबर व्येरा खितिलोवा आणि एवाल्ड शॉर्म होते. एका वर्गात असे तिघं! वाव्रा गुरू म्हणून उत्तम. माणूस म्हणून मात्र त्यांची ख्याती वेगळी होती. पहिलं प्रजासत्ताक असो, जर्मन अंमल असो की कम्युनिस्ट राजवट, प्रत्येक काळात त्यांना चित्रपट मिळत राहिले. ते शंभर वर्षं जगले आणि जवळपास शेवटपर्यंत काम करत होते. मुलांना शिकवायला धडा म्हणून हेही वर्गात समोरच बसलेलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

१९६२ मध्ये शिक्षण संपलं. मग सक्तीची लष्करी सेवा, तीही सैन्याच्या चित्रपट विभागात. आणि मग आयुष्यातली सगळ्यात महत्त्वाची गाठ पडली ती बोहुमिल ह्राबल या लेखकाशी.

ह्राबल यांच्याबद्दल दोन मिनिटं बोलायलाच हवं, कारण त्यांच्याशिवाय मेंझेल समजत नाहीत. जन्म १९१४ चा. बालपण नींबुर्क गावातल्या बिअरच्या कारखान्यात गेलं, कारण सावत्र वडील तिथे व्यवस्थापक होते. कायद्याचं शिक्षण चालू असताना नाझींनी चेक विद्यापीठं बंद केली. मग युद्धकाळात हे गृहस्थ रेल्वेत गाड्या रवाना करण्याच्या कामावर लागले. युद्धानंतर कायद्याची पदवी मिळाली, पण वकिली कधी केली नाही. क्लाद्नोच्या पोलाद कारखान्यात मजुरी केली, तिथे अपघातात जखमी झाले. पुढे प्रागमध्ये रद्दी कागदाचे गठ्ठे बांधायचं काम केलं. पहिलं पुस्तक पुस्तकांच्या दुकानात दिसेपर्यंत जवळपास पन्नाशी आली होती. त्यामुळे त्यांच्या कथांमधली माणसं पुस्तकातून आलेली नाहीत. बिअरच्या टेबलावर बसून तासन् तास गप्पा ठोकणारी, थापा मारणारी, रडता रडता हसवणारी अशी ती माणसं आहेत.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर चेक नवसिनेमाच्या पाच तरुण दिग्दर्शकांनी ह्राबल यांच्या पाच कथांवर मिळून एक चित्रपट केला, 'पर्ल्स ऑफ द डीप'. मेंझेल यांच्या वाट्याला आलेली कथा मोटारसायकलच्या शर्यतीची होती. शर्यत बघायला आलेली माणसं मजेत बसून जुन्या जुन्या अपघातांच्या आणि मृत्यूंच्या गोष्टी चवीनं सांगत राहतात. हसणं आणि मरण एकाच वाक्यात आणायची मेंझेल यांची खुबी तिथेच दिसते.

मग १९६६ मध्ये आला 'क्लोजली वॉच्ड ट्रेन्स'. दिग्दर्शक २८ वर्षांचा, पहिलाच मोठा चित्रपट. पुस्तक ह्राबल यांचं, पटकथा दोघांची मिळून. नावातल्या 'कडक लक्ष ठेवायच्या गाड्या' म्हणजे जर्मन सैन्याच्या गाड्या. त्यांना वाट मोकळी ठेवायची, त्या वेळेवर सोडायच्या. गोष्ट घडते युद्धाच्या शेवटाकडे, एका लहानशा स्टेशनवर. मिलोश ह्रमा नावाचा पोरगा तिथे उमेदवारी करायला लागतो. नवा गणवेश, नवी टोपी. घराण्याचा इतिहास सांगायचा तर आजोबा संमोहन करणारे होते. जर्मन रणगाडे आले तेव्हा ते नुसत्या नजरेनं रणगाडा थांबवायला रस्त्यात उभे राहिले आणि चिरडले गेले. आपण हसतो आणि हसताना चपापतो.

मिलोशची अडचण देशाची नाही. त्याला प्रेयसीजवळ पुरुष म्हणून उभं राहता आलं नाही, त्यानं तो इतका खचतो की मनगटाची शीर कापून घेतो. त्याचा वरिष्ठ हुबिच्का हा रंगेल माणूस. रात्रपाळीला तो तारायंत्रावर काम करणाऱ्या मुलीच्या मांड्यांवर स्टेशनचे रबरी शिक्के उमटवतो. या प्रकाराची रीतसर चौकशी होते. आणि चौकशीत गुन्हा कोणता ठरतो? मुलीची अब्रू वगैरे बाजूलाच राहतं. शिक्क्यावर जर्मन मजकूर आहे, तेव्हा यात जर्मन भाषेचा अवमान झाला, असा आरोप ठेवला जातो! १९६६ मधल्या प्रागच्या प्रेक्षकानं हे दृश्य बघून का हसू नये? त्याला शिक्के माहीत होते, समित्या माहीत होत्या, शब्द पकडून माणूस अडकवायची पद्धतही माहीत होती. पडद्यावर नाझी होते, त्यामुळे सेन्सॉरला आक्षेप घेता येत नव्हता.

शेवटी भूमिगत चळवळीतली एक बाई बॉम्ब घेऊन येते. तिच्या सहवासात मिलोशची ती अडचणही सुटते आणि दुसऱ्या दिवशी तो सिग्नलच्या खांबावर चढून गाडीवर बॉम्ब टाकतो. पहारेकऱ्याची गोळी लागते. मिलोश त्याच गाडीवर कोसळतो. थोड्या वेळानं दूर स्फोट होतो आणि वाऱ्यानं त्याची टोपी घरंगळत प्रेयसीच्या पायाशी येते. पुस्तकातला शेवट याहून काळा आहे. तिथे मिलोश आणि एक जर्मन सैनिक एकमेकांना गोळी घालतात आणि बर्फात शेजारी शेजारी मरतात. मेंझेल यांनी तो बदलला. त्यांचा शूर माणूस जन्मजात शूर नाही. तो घाबरट आहे, लाजाळू आहे आणि जवळपास चुकूनच वीर होतो. पक्षाच्या अधिकृत सिनेमातल्या छाती पुढे काढलेल्या वीरांना हे उत्तरच होतं.

या चित्रपटाला परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. तो समारंभ मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येमुळे दोन दिवस पुढे ढकलला गेला आणि १० एप्रिल १९६८ ला झाला. प्रागमध्ये तेव्हा काय चाललं होतं? जानेवारीत दुबचेक पक्षाचे प्रमुख झाले होते. ऑस्करच्या आधी पाचच दिवस पक्षानं आपला सुधारणांचा कार्यक्रम मंजूर केला होता. वर्तमानपत्रं मोकळी झाली होती. त्याच उन्हाळ्यात 'कॅप्रिशस समर' या मेंझेल यांच्या पुढच्या चित्रपटाला कार्लोव्ही व्हारी महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. ती कादंबरी व्लादिस्लाव वांचुरा यांची, ज्यांना नाझींनी १९४२ मध्ये ठार केलं. गावात येणारा, दोरीवरून चालणारा जादूगार मेंझेल यांनी स्वतःच साकारला होता. तीस वर्षांचा माणूस, एक ऑस्कर, घरच्या महोत्सवाचं पहिलं बक्षीस, देशात वसंत. आणि २० ऑगस्टच्या रात्री वॉर्सा करारातल्या देशांचं सैन्य सीमा ओलांडून आत आलं.

इथे एक बारकावा आहे. रणगाडे आले म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं बंद पडलं असं झालं नाही. दुबचेक एप्रिल १९६९ पर्यंत पदावर होते. बारांडोव्हमधली जुनी माणसं आणखी काही काळ टिकली. या फटीतच मेंझेल आणि ह्राबल यांनी 'लार्क्स ऑन अ स्ट्रिंग' केला. दोरीला बांधलेले चंडोल, असा त्या नावाचा अर्थ.

गोष्ट क्लाद्नोच्या भंगाराच्या आवारात घडते, म्हणजे ह्राबल स्वतः जिथे राबले तिथलीच. काळ १९५० च्या आसपासचा. 'बूर्झ्वा' ठरवलेल्या माणसांना सुधारण्यासाठी इथे मजुरीला आणलंय. एक प्राध्यापक आहेत, त्यांनी बंदी घातलेली पुस्तकं नष्ट करायला नकार दिला. एक सरकारी वकील आहेत, त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आरोपीला बचावाचा हक्क हवा. एक सॅक्सोफोन वाजवणारा आहे, कारण सॅक्सोफोन हे भांडवलदारी वाद्य ठरलं. एक स्वयंपाकी आहे, तो धर्मामुळे शनिवारी काम करत नाही. पलीकडे तुरुंगातल्या बायका काम करतात, देश सोडून पळताना पकडलेल्या. भंगारात टाइपरायटर आहेत, क्रूस आहेत. ते वितळवून नवं पोलाद करायचं आणि ही माणसं वितळवून नवी माणसं करायची, अशी ती योजना.

आणि या ढिगाऱ्यावर काय घडतं? माणसं गप्पा मारतात, ऊब घेतात, प्रेमात पडतात. स्वयंपाकी पावेल आणि कैदी यित्का यांचं प्रतिनिधीमार्फत लग्नही लागतं. पहारेकरी वाईट नाही. तोही बिचारा एका रोमा मुलीशी लग्न करून गोंधळलेला आहे. मग पाहुणे येतात, भाषणं होतात आणि पावेल एक साधा प्रश्न विचारतो : आमच्यातली जी माणसं मध्येच नाहीशी झाली ती कुठे आहेत? उत्तर म्हणून त्यालाही उचलून नेतात. शेवटी तो खाणीच्या पाळण्यातून खाली खाली जातो आणि वरचं उजेडाचं भोक लहान लहान होत जातं.

यात शिवी नाही, रक्त नाही, कुणाचा द्वेष नाही. मग यावर इतका राग का? आम्हाला वाटतं, राग त्या मवाळपणाचाच असावा. सत्तेला शत्रू चालतो, त्याच्याशी लढता येतं. पण तुमची सगळी सुधारणा योजना हास्यास्पद आहे आणि माणूस त्यातही माणूसच राहतो, हे प्रेमानं दाखवलं तर काय उत्तर देणार? चित्रपट प्रदर्शित न होताच कपाटात गेला.

यानंतरच्या काळाला तिथल्या सरकारनंच एक नाव दिलं : नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळं पुन्हा 'सुरळीत' करणं. मिलोश फोरमन आणि इव्हान पासर अमेरिकेत गेले. यान कादार गेले. यान न्येमेत्स यांना १९७४ मध्ये देश सोडावा लागला. राहिलेल्यांपैकी खितिलोवा यांना १९७६ पर्यंत चित्रपट मिळाला नाही. शॉर्म नाटकांकडे वळले. मेंझेल राहिले. पाच वर्षं पडद्यावर त्यांचा एकही नवा चित्रपट आला नाही. नाटकं बसवून त्यांनी ते दिवस काढले.

१९७४ मध्ये परवानगी मिळाली. चित्रपट कोणता, तर 'हू लुक्स फॉर गोल्ड?'. दालेशीत्से इथल्या धरणाचं बांधकाम, तिथले प्रामाणिक कामगार, श्रमाची प्रतिष्ठा. सोन्याच्या मागे लागू नका, घाम गाळा, असा बोध. हा चित्रपट प्रायश्चित्त म्हणूनच ओळखला जातो. ज्यानं भंगाराच्या आवारातला सरकारी उपदेश हास्यास्पद ठरवला, त्याला पाच वर्षांनी बांधकामावर जाऊन तोच उपदेश करावा लागला.

ह्राबल यांचंही तेव्हा वेगळं चाललं नव्हतं. १९७० मध्ये त्यांची छापून तयार झालेली पुस्तकं लगद्यात गेली. ज्यानं रद्दीचे गठ्ठे बांधले त्याच्याच पुस्तकांची रद्दी झाली. १९७५ मध्ये त्यांनी एका पक्षीय साप्ताहिकाला सरकारला हवी तशी मुलाखत दिली आणि मग काही पुस्तकं, काटछाट करून, पुन्हा छापली जाऊ लागली. भूमिगत वर्तुळातल्या तरुणांना याचा इतका संताप आला की त्यांनी प्रागमध्ये ह्राबल यांची पुस्तकं जाळली. सरकारनं लगदा केला, विरोधकांनी होळी केली. मधल्यामध्ये राहणाऱ्या माणसाची जागा कशी असते, हे यावरून कळतं.

आता पुढची वर्षं बघू. १९७६ मध्ये 'सिक्लूजन निअर अ फॉरेस्ट' आला. प्रागचं एक कुटुंब सुट्टीसाठी खेड्यात घर शोधतं, पण त्या घरातला म्हातारा काही हलायला तयार नाही, असा साधा विनोद. पण १९६८ नंतर चेक समाजात नेमकं हेच घडत होतं. सार्वजनिक आयुष्यात बोलायची सोय उरली नाही तेव्हा लाखो लोक शनिवार-रविवारच्या झोपडीत, बागकामात, बिअरमध्ये आणि घरच्या माणसांत शिरले. सरकारलाही ते बरंच होतं. तुम्ही भाज्या लावा, राजकारण आमच्याकडे सोडा, असा अलिखित सौदा होता.

१९८० मध्ये मेंझेल पुन्हा ह्राबलकडे वळले. 'कटिंग इट शॉर्ट' हा ह्राबल यांच्या आईवडिलांवरचा चित्रपट, बिअरच्या कारखान्यातला. लांब केसांची, खाण्यापिण्यावर मनापासून प्रेम करणारी बायको आणि तिच्यापुढे कायम अवघडलेला, शिस्तप्रिय नवरा. गंमत बघा, याचं चित्रीकरण झालं दालेशीत्सेमधल्या बिअरच्या कारखान्यात. म्हणजे ज्या परिसरात धरणाचा प्रायश्चित्त चित्रपट झाला, तिथेच सहा वर्षांनी हा आनंदी चित्रपट झाला. एकाच गावाच्या या दोन चित्रपटांत मेंझेल यांचं सत्तरचं दशक मावतं, असं आम्हाला वाटतं.

आणि १९८५ मध्ये 'माय स्वीट लिटल व्हिलेज'. ट्रक ड्रायव्हर पावेक आणि त्याचा क्लीनर ओतिक. ओतिक बुद्धीनं मंद, कामात चुका करणारा. पावेक वैतागतो आणि ठरवतो, पुरे झालं, हा पुढच्या हंगामात नको. तिकडे राजधानीतल्या एका साहेबाला ओतिकचं घर सुट्टीसाठी हवं असतं, म्हणून ओतिकला प्रागमध्ये नोकरी आणि फ्लॅटचं आमिष दाखवलं जातं. शेवटी पावेकच शहरात जाऊन त्याला परत घेऊन येतो. नावातला मूळ शब्द सरकारी नियोजनाचा आहे. सोयी एकत्र करण्यासाठी निवडलेलं 'केंद्र गाव', असा त्याचा अर्थ. त्या कागदी शब्दापुढे 'माझं लाडकं' असं लावलं की त्याची खिल्ली आपोआप उडते. हा चित्रपट तिथे प्रचंड गाजला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंतही पोचला.

इथे आक्षेप नीट ऐकला पाहिजे. आक्षेप असा : देशात लेखक तुरुंगात आहेत, १९७७ च्या सनदेवर सह्या करणाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्यात, आणि ऑस्करविजेता दिग्दर्शक गोड खेड्याच्या गोष्टी सांगतोय. ही गुंगीची गोळी नाही का? हा आक्षेप आम्ही उडवून लावणार नाही. त्या चित्रपटांत तुरुंग नाही, पोलीस नाही, आणि ते नसणं हाच परवानगीचा एक भाग होता.

पण दुसरी बाजूही बघा. 'माय स्वीट लिटल व्हिलेज'मध्ये प्रश्न काय आहे? ज्याचा उपयोग नाही त्या माणसाचं काय करायचं? साहेबाच्या हिशेबात ओतिक म्हणजे एक रिकामं होऊ शकणारं घर. पावेकच्या हिशेबात, खूप चिडचिड झाल्यानंतरही, तो आपला माणूस. भंगाराच्या आवारात मेंझेल यांनी जे सांगितलं होतं तेच ते इथे परवानगीच्या चौकटीत सांगत होते. आवाज खाली आला होता, म्हणणं बदललं नव्हतं.

नोव्हेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळली. फेब्रुवारी १९९० च्या बर्लिन महोत्सवात 'लार्क्स ऑन अ स्ट्रिंग' दाखवला गेला. बर्लिनची भिंत उघडून तीन महिने झाले होते. मेंझेल बावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर होते. गोल्डन बेअर विभागून मिळालं, दुसरा वाटेकरी कोस्टा गाव्रास यांचा 'म्युझिक बॉक्स'. पुढे याच गाव्रास यांनी 'द लिटल अपोकॅलिप्स'मध्ये मेंझेल यांना प्रमुख भूमिका दिली. चित्रपट तोच होता, एक फ्रेमही शिळी वाटत नव्हती. पण या बक्षिसात एक दुःखही आहे. १९६९ मध्ये तो दाखवला गेला असता तर पुढचा चित्रपट कोणता झाला असता? ते आपल्याला कधीच कळणार नाही. बंदी एका चित्रपटावर येते, पण त्याच्या मागे उभे असलेले, अजून न झालेले चित्रपटही तीच घेऊन जाते.

स्वातंत्र्यानंतर सगळं सुरळीत झालं का? नाही. सरकारी पैसा आटला, बारांडोव्ह खासगी झाला. मेंझेल यांनी हावेल यांच्या नाटकावर 'बेगर्स ऑपेरा' केला, मग रशियन सैनिक चोंकिनची गोष्ट केली, आणि नंतर बारा वर्षं एकही मोठा चित्रपट नाही. त्यांना ह्राबल यांच्या 'आय सर्व्ह्ड द किंग ऑफ इंग्लंड'वर काम करायचं होतं, पण हक्कांचं भांडण सुरू होतं. १९९८ मध्ये कार्लोव्ही व्हारी महोत्सवात मेंझेल चारचौघांत छडी घेऊन संबंधित निर्मात्यावर धावून गेले आणि त्याला फटके दिले! सेन्सॉरपुढे कधी आवाज न चढवलेला हा माणूस बाजारापुढे मात्र छडी घेऊन उभा राहिला.

तो चित्रपट अखेर २००६ मध्ये झाला, आणि आमच्या मते आजच्या प्रश्नाचं मेंझेल यांनी दिलेलं उत्तर त्यातच आहे. नायक यान दीत्ये हा बुटका वेटर आहे. त्याला लक्षाधीश व्हायचंय. जो येईल त्याची तो सेवा करतो. आधी श्रीमंत व्यापारी, मग जर्मन. एका जर्मन मुलीशी लग्न करतो, युद्धातून पैसा मिळवून हॉटेलचा मालक होतो, आणि कम्युनिस्ट आल्यावर लक्षाधीश म्हणून तुरुंगात जातो. त्याच्यासमोर एक दुसरा माणूस आहे, मुख्य वेटर स्क्रझिवानेक. यानंच कधीकाळी इंग्लंडच्या राजाला वाढलेलं असतं. तो जर्मनांपुढे झुकत नाही. आता त्याच्या नावाकडे बघा. चेक भाषेत त्याचा अर्थ होतो लहानसा चंडोल. दोरीला बांधलेले चंडोल होते ना, त्यांच्यातलाच हा एक.

मेंझेल यांनी कॅमेरा वाकणाऱ्या वेटरवर ठेवला. त्याला माफ केलं नाही आणि फासावरही चढवलं नाही. म्हातारपणी, सीमेवरच्या ओसाड गावात रस्ता दुरुस्त करताना, तो स्वतःकडे बघत बसतो. आपण मोठे दिसावं म्हणून ज्यानं आयुष्यभर टाचा उंचावल्या, त्याला शेवटी आपली उंची नीट कळते. आणि न वाकणारा माणूस अधेमधेच दिसतो, पण त्याला विसरता येत नाही. मेंझेल स्वतःला दीत्येच्या जागी बघत होते का? तसं म्हणायला आमच्याकडे पुरावा नाही. पण तीन राजवटी बघितलेल्या ६८ वर्षांच्या माणसानं हीच गोष्ट करण्यासाठी इतका हट्ट धरावा, याला काही अर्थ असणारच.

व्याख्यानानंतर हमखास एक प्रश्न येतो : फोरमन बाहेर गेले, दोन दिग्दर्शनाची ऑस्कर घेऊन आले. मेंझेलही गेले असते तर? आमचं उत्तर असं आहे की फोरमन यांना परक्या भाषेत काम करायचं कसब होतं. मेंझेल यांचा सिनेमा चेक बोलण्यावर, खाण्यापिण्यावर, गावच्या विनोदावर उभा होता. तो कुठल्या सूटकेसमध्ये भरून नेणार? राहण्याची किंमत त्यांनी मोजली. ती धरणाच्या चित्रपटात दिसते, कपाटातल्या डब्यांत दिसते. ती लपवून त्यांना मोठं करायची गरज नाही. आणि ती दाखवून त्यांना लहान करण्याचंही कारण नाही.

यिर्झी मेंझेल ५ सप्टेंबर २०२० रोजी गेले. त्यांच्यावरचा सगळ्यात मोठा माहितीपट एका भारतीयानं केलाय, हे आवर्जून सांगायला हवं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे माजी विद्यार्थी आणि मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनचे संस्थापक शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१८ मध्ये 'चेकमेट' पूर्ण केला. लांबी सात तासांच्या वर आहे. मेंझेल यांच्या निमित्तानं त्या पिढीच्या कितीतरी कलावंतांना त्यांनी बोलतं केलं.

जाता जाता एक विनंती. मेंझेल बघायचे असतील तर आधी 'क्लोजली वॉच्ड ट्रेन्स' बघा, मग 'लार्क्स ऑन अ स्ट्रिंग', मग 'माय स्वीट लिटल व्हिलेज' आणि शेवटी 'आय सर्व्ह्ड द किंग ऑफ इंग्लंड'. याच क्रमानं बघा. मधल्या सोळा वर्षांत आवाज कसा खाली आला, आणि वीस वर्षांनंतर तो पुन्हा कसा वर आला, हे तुमचं तुम्हाला ऐकू येईल. पुढच्या वेळी आपण त्याच वर्गातल्या व्येरा खितिलोवा यांच्याबद्दल बोलू. त्याही राहिल्या होत्या, पण अगदी वेगळ्या तऱ्हेनं.